टबातला पाहुणा

डिसेंबरातल्या त्या दुपारी रादिम घराचा जिना चढत होता तेव्हा त्याच्या उजव्या हातात सासूबाईंची चामडी बॅग होती आणि डाव्या हातात, पाण्याने भरलेल्या पिशवीत, एक जिवंत कार्प मासा होता. दोन्ही ओझी सारखीच जड होती. बॅग स्टेशनवरून आली होती, मासा चौकातल्या मासेवाल्याच्या पिंपातून. आणि दोघांच्याही मुक्कामाची व्यवस्था दरवर्षी ठरलेली होती. सासूबाई मागच्या खोलीत राहत, थेट जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत. मासा न्हाणीघरातल्या टबात राही, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत; त्या रात्री तो तळून ताटात येई.

"आधी मला आत घ्या, मग त्याला," मागून गुडघे धरत चढणाऱ्या द्राहोमिराबाई म्हणाल्या. "की या घरात हल्ली मान त्याचा आधी?"

"तसं नाही आई. पिशवी गळतेय."

"माझे गुडघेही गळालेत. पण ते टपटप वाजत नाहीत ना, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही."

यित्काने दार उघडले, आईचा कोट घेतला आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून विचारले, "आज पण जाणार आहेस?"

"पास काढलाय ना वर्षाचा."

"हरायलाच जायचं ना? मग घरी बस. ते तुझ्यावाचूनही नीट हरतील."

रादिम न्हाणीघराकडे वळला. बाही वर करायचेही न सुचता त्याने टब गार पाण्याने भरला, मासा हलकेच आत सोडला, आणि तो काळसर, गंभीर जीव तळाशी स्थिर होईपर्यंत कडेला बसून राहिला. मग ओल्या बाहीनिशीच तो स्टेडियमकडे निघाला.

चौकाच्या कोपऱ्यावर त्याचे चष्म्याचे दुकान होते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत पाहण्याचा त्याचा व्यवसाय, पण मध्ये भिंग नसले की तो कुणाच्या नजरेला नजर देत नसे. बोलायचे ते सारे त्याच्या मनातच साठून राही. त्याची अबोल माया लहानपणापासून एकाच ठिकाणी वाहत गेली होती: हाव्रानोव गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाकडे. संघाचे नाव डोमकावळे. वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून प्रथम तिथे नेले होते, आणि वडील गेल्यावरही रादिम दर हंगामात शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांचे पास काढत असे. दुसऱ्या खुर्चीवर तो आपला कोट ठेवी. स्टेडियममध्ये थंडी कितीही असली तरी तो कोट त्याने कधी अंगावर घेतला नव्हता.

यंदा मात्र त्या खुर्चीकडे पाहायची त्याला लाज वाटे. ऑक्टोबरपासून डोमकावळे एकही सामना जिंकले नव्हते. दोन गोलांनी पुढे असताना ते हरत, मागे असताना तर हरतच. एकदा त्यांच्याच बचावपटूने चेंडूऐवजी असते ती काळी चकती इतक्या सफाईने आपल्याच जाळ्यात घातली की पाहुण्यांनीही त्याच्या पाठीवर थाप मारली. मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारी गाडी मैदानात आली की लोक उभे राहून टाळ्या वाजवत, कारण तेवढे एकच काम तिथे चोख होत असे. सामना संपल्यावर खेळाडू रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांचे आभार मानायला ओळीने उभे राहत, आणि प्रेक्षक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत. दुकानात तर रोज कुणी ना कुणी म्हणेच, "आपल्या गोलरक्षकाला एक चष्मा दे बाबा, आम्ही वर्गणी काढतो." रादिम हसे आणि पुसलेलेच भिंग पुन्हा पुशी. तळाला राहणारा संघ खालच्या साखळीत जाणार, तसे झाले की पैसे पुरवणारे बिअरवाले हात झटकणार, आणि त्या स्टेडियमचे फर्निचरचे गोदाम होणार, हे आता गावात उघडपणे बोलले जात होते. वडिलांच्या खुर्चीच्या जागी कुणाचे तरी कपाट उभे राहणार या विचाराने रादिमला रात्री झोप लागत नसे.

त्या संध्याकाळी डोमकावळे जिंकले.

आधी कुणाचा विश्वास बसेना. पाठ करून उभे राहण्याची सवय झालेली माणसे अवघडून पुन्हा वळली. रादिमच्या पुढच्या रांगेत ढोल वाजवणाऱ्या लुबोरकाकांनी ढोल खाली ठेवला आणि डोळे बारीक करून चौकशीला सुरुवात केली. लुबोर हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, रादिमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटे राहणारे विधुर. जिंकलेल्या दिवशी जे जसे होते ते पुढे बदलायचे नाही, हा त्या स्टँडचा अलिखित कायदा होता, आणि त्या कायद्याचे लुबोर हे सरन्यायाधीश होते. कुठल्याशा जुन्या विजयापासून त्यांनी आपला मफलर धुतलेला नव्हता.

"मी तोच मफलर घातलाय. सॉसेज त्याच टपरीवरचं खाल्लंय," ते म्हणाले. "मग आज नवीन काय? रादिम, तुझ्याकडून वास कसला येतोय?"

"माशाचा असेल, काका. कार्प आणला आज. बाही भिजली."

लुबोरनी वाकून त्या बाहीचा वास घेतला. "अजून जिवंत आहे?"

"आहे की. टबात आहे."

"मग त्याला सांभाळ," ते हळूच म्हणाले. गंमत होती की आज्ञा, हे रादिमला कळले नाही.

दोन दिवसांनी बाहेरगावचा सामना होता. तो त्यांनी लुबोरच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला, आणि डोमकावळे तिथेही जिंकले. शेवटचा भोंगा वाजताच लुबोर उठले, रादिमच्या मागोमाग जिना चढून न्हाणीघरात गेले, आणि टोपी काढून टबासमोर उभे राहिले.

"नमस्कार, आलोइस," ते म्हणाले.

"काका, त्याला नाव ठेवू नका," यित्का दारातून म्हणाली. "ज्याला खायचंय त्याला नाव ठेवायचं नसतं. आमच्या घरात लहान मुलांनाही एवढं कळतं."

"खायचंय?" लुबोरनी रादिमकडे पाहिले. रादिमने आलोइसकडे पाहिले.

नाताळच्या आदल्या दुपारी व्हायचे तेच झाले. तेल तापले होते, बटाट्याचे सॅलड थंड होत होते, लाकडी हातोडा ओट्यावर काढून ठेवला होता. दरवर्षी रादिम तो हातोडा घेऊन न्हाणीघरात शिरे आणि बऱ्याच वेळाने, पांढराफटक होऊन, माशासह बाहेर येई. यंदा तो बाहेर आला तो नुसता हातोडा घेऊन.

"मला जमणार नाही," तो म्हणाला.

"दरवर्षी असंच म्हणतोस."

"दरवर्षी आपण तळाला नसतो, यित्का. दोन सामने जिंकलो. दोन."

यित्काने हातातला झारा खाली ठेवला. तिच्या आवाजात राग कमी आणि कळवळा जास्त होता, आणि त्यामुळेच रादिमला जास्त भीती वाटली. "अरे, तो मासा आहे. त्याला बर्फ आणि सूप यातला फरक कळत नाही."

"तुझं खरं आहे. पण आपण त्याला मारलं आणि परवा संघ हरला, तर?"

यित्काने तेलाखालचा गॅस बंद केला. मासेवाला सकाळीच पिंपे आवरून गेला होता. शेवटी त्या पवित्र रात्री टेबलावर मेणबत्त्यांच्या उजेडात गोठवलेल्या माशाच्या वड्या आल्या. कोपरे जरा करपलेल्या, लांबट आणि केविलवाण्या.

"माझी आई लढाईच्या काळातही कार्प मिळवायची," द्राहोमिराबाई काट्याने एक वडी उलथवत म्हणाल्या. "कुठून, ते आम्ही विचारायचो नाही. आणि इथे टबात धडधाकट मासा पोहतोय, आणि मी खोक्यातला खातेय. जावईबापू, याचा खवला तरी कुठाय? ताटाखाली काय ठेवू, खोक्याचा तुकडा?"

ताटाखालचा कार्पचा खवला वर्षभर पाकिटात बाळगायचा, म्हणजे पैशाची बरकत राहते, अशी तिकडची समजूतच होती. रादिम मुकाट्याने उठला, न्हाणीघरात गेला आणि पाण्यावर आपसूक सुटून तरंगणारा एक खवला बोटावर टेकवून घेऊन आला. सासूबाईंनी तो उजेडात धरून पाहिला. "चला. त्यानं स्वखुशीनं दिलाय, एवढं तरी."

खरा प्रश्न आंघोळीचा होता. द्राहोमिराबाईंच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी कढत पाण्याचा शेक लागे. आपल्या गावच्या घरात टब नाही म्हणून त्या नाताळची वाट पाहत, असे त्या दरवर्षी सांगत. आणि आलोइसला पाणी गारच लागे. न्हाणीघराची खिडकी उघडी, हीटर बंद, आत शिरले की दात वाजत. तोंड धुवायचे ते स्वयंपाकघरात. रादिम दिवसातून चारदा दारावर टकटक करून आत जाई, जणू आत कुणी कपडे बदलत असावे, आणि पाण्यात बोट घालून बघे.

"माझ्या पाण्यात असं बोट घालून कुणी पाहिलं नाही कधी," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात लुबोर वर आले होते. हल्ली ते वरच असत. "बाई, माझा टब रिकामाच आहे," ते अदबीने म्हणाले. "मी स्वतः त्यात क्वचितच जातो."

"ते कळतंच," द्राहोमिराबाई म्हणाल्या. पण टॉवेल घेऊन खाली गेल्या, आणि त्या दिवसापासून रोज जाऊ लागल्या.

नाताळ सरता सरता डोमकावळ्यांनी घरच्या मैदानावर तिसरा सामना मारला, आणि गुपित फुटले; ते लुबोरजवळ होते, म्हणजे ते फार दिवस टिकणार नव्हतेच. जिन्यावर बर्फाळ बुटांचे ठसे उमटू लागले. कुणी उकडलेले वाटाणे आणले, कुणी बार्ली. बेकरीवाल्याने ब्रेडचा चुरा पाठवला. कुणा ओळखीच्याचे ओळखीचे लोक दारात उभे राहून टोप्या चुरगाळत म्हणत, "फक्त एकदा बघून जातो हं." तीन-तीनदा कुलूप तपासून दुकानातून धावत घरी येणाऱ्या रादिमला आपल्याच न्हाणीघरासमोर रांगेत थांबावे लागे.

त्यांची ती श्रद्धा पाहून त्याला सुख व्हायला हवे होते. उलट त्याचा जीव टांगणीला लागला. एक संघ, एक गाव, एका बाजूने किंचित कललेल्या एका माशाच्या कल्ल्यांवर तोललेले. आणि त्या माशाचा रखवालदार तो. असेच एका दुपारी यित्काने माशाचे गरम सूप वाढले तेव्हाही त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

"छान झालंय," दुसऱ्यांदा वाटी पुढे करत तो म्हणाला. "खोक्यातल्या माशाचं इतकं चांगलं होतं?"

"होतं कधी कधी," यित्का म्हणाली आणि आईकडे न पाहता मीठ उचलून पुन्हा ठेवले.

संध्याकाळी टबाशी बसला असताना त्याला वाटले, आलोइस आज वेगळा दिसतो. अधिक तरतरीत, पण नजर परकी. जणू इतक्या दिवसांचा सहवास तो पार विसरून गेला होता. रादिमला त्याचे नवल वाटले नाही. माणसेही अशीच वागतात, असे मनाशी म्हणून त्याने पाणी बदलले.

नवे वर्ष उजाडले. डोमकावळे जिंकतच होते. शेवटून दुसऱ्या असलेल्या संघाशी आता त्यांचे अंतर इतके कमी झाले होते की त्यांच्याविरुद्धचा सामना जिंकला की तळ सुटणार होता. तो सामना तीन राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, घरच्या मैदानावर होता. आणि सासूबाईंची परतीची गाडीही त्याच संध्याकाळची होती.

"तुम्ही जा सामन्याला," कोटाची बटणे लावताना द्राहोमिराबाई जावयाला म्हणाल्या. "मला यित्का पोचवील. तुम्ही मला जिन्यापर्यंत तरी पोचवता, तेही दरवर्षी घाईतच." त्या किंचित थांबल्या. "निघतेय म्हणून कुणी 'राहा' म्हणावं असं माझं वय उरलेलं नाही. तरी पण."

रादिमला काहीतरी म्हणायचे होते; नेहमीप्रमाणे ते ओठांपर्यंत येऊन परत फिरले. त्याने न्हाणीघरात डोकावून आलोइसला एकदा पाहिले आणि तो गेला.

पहिल्या भागात डोमकावळे दोन गोलांनी मागे पडले.

स्टँड गप्प झाला. ती शांतता रादिमच्या चांगल्या ओळखीची होती. सबंध हिवाळा तो तिच्यात राहिला होता. मध्यंतर होताच त्याने घरी फोन लावला, आणि मग आठवण होऊन यित्काच्या मोबाइलवर.

"आलोइस कसा आहे? निघताना पाहिलास?"

पलीकडे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. "रादिम, मी इथे आईला पोचवायला आलेय. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. आणि तू मला माशाची तब्येत विचारतोयस."

"दोन गोलांनी मागे आहोत, यित्का."

"मग आता ऐकच. तो मासा तो मासा नाहीये. तुझा आलोइस नाताळातच गेला. सकाळी उठून बघते तर उलटा. तुझं तोंड बघवलं नसतं मला, म्हणून मासे पाळतात त्या तळ्यावर जाऊन तसलाच दुसरा आणला. आईलाच फक्त माहितीये."

"मग पहिला... त्याचं काय केलं?"

"दोन वाट्या घेतल्यास तू. छान झालंय म्हणालास."

त्याने फोन खिशात ठेवला. खालच्या रांगेतून लुबोर वळून त्याच्याकडेच पाहत होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. रादिमने सारे सांगितले. लुबोरच्या हातातली काठी ढोलावर अलगद पडली आणि ढोल एकदाच, पोकळ वाजला.

"खाल्लास," लुबोर म्हणाले.

"मला ठाऊक नव्हतं, काका."

"थांब. थांब जरा." त्यांनी डोळे मिटले. "तो गेला, तरी त्यानंतर आपण जिंकत होतो. म्हणजे तो नव्हताच. म्हणजे आपण माणूस चुकीचा धरला. मासा चुकीचा धरला. रादिम, नीट आठव. पहिल्या दिवशी घरी आलास तेव्हा तुझ्या हातात काय होतं?"

"पिशवी. कार्पची."

"एका हातात. आणि दुसऱ्या?"

रादिमने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. चामड्याच्या पट्ट्याचा वळ आठवून तळवा आपसूक मिटला. "सासूबाईंची बॅग."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच क्षणी स्टेडियमच्या भिंतीपलीकडे, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीने शिटी दिली.

रादिम आयुष्यात इतका कधी धावला नव्हता. कोट वडिलांच्या खुर्चीवरच राहिला. बर्फाने माखलेला पूल, तिकीटघर, जिना. मागून धापा टाकत लुबोर, गळ्यात ढोल, आणि पावलागणिक तो ढोल आपोआप वाजत होता, त्यामुळे फलाटावरची सारी माणसे वळून पाहू लागली. यित्का डब्याच्या खिडकीशी उभी होती. आत द्राहोमिराबाई मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसल्या होत्या. रादिम पायरीवर चढला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काय झालं?" त्या घाबरून म्हणाल्या. "काही राहिलं का माझं घरी?"

"आई," तो म्हणाला, "तुम्ही जाऊ नका. राहा."

खिडकीबाहेर ढोल थांबला होता. द्राहोमिराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत या अबोल माणसाने त्यांना कधी ते म्हटले नव्हते. आणि आज म्हणत होता ते बिनकोटाचा, घामाने निथळत, लहान मुलासारखा रडवेला होऊन.

"खरंच म्हणताय?"

"खरंच," रादिम म्हणाला. आणि बोलता बोलता त्याच्या ध्यानात आले की हा शब्द त्याला जितका खोटा वाटायला हवा होता तितका वाटत नाही. मागची खोली रिकामी झाली की घर दरवर्षी कसे गार पडते, ते त्याला अचानक आठवले. पण हे सारे सांगायला वेळ नव्हता. त्याने रॅकवरची बॅग उचलली, उजव्या हातात.

ते स्टेडियममध्ये शिरले तेव्हा दुसरा भाग सरत आला होता आणि फलक तोच होता. बातमी त्यांच्याआधी कशी पोचली कोण जाणे. द्राहोमिराबाई यित्काचा हात धरून पायऱ्या उतरू लागताच अख्खा स्टँड उठून उभा राहिला आणि त्याने वाट करून दिली. रादिमने वडिलांच्या खुर्चीवरचा कोट उचलला, झटकला, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांवर पांघरला. त्या बसल्या.

"हे सगळे माझ्याकडे असे का बघतायत?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

लुबोर ढोलाच्या कातड्याकडे बघत राहिले. द्राहोमिराबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा जावयाकडे पाहिले. यित्काने तोंड मफलरमध्ये लपवले होते.

"असं होय," त्या शेवटी म्हणाल्या. "माशाची जागा मला मिळाली वाटतं."

"आई, तसं नाही. म्हणजे, आहे. पण नुसतं तसं नाही."

"असू दे, जावईबापू. निदान मला तुम्ही सूप करून खाणार नाही." त्यांनी कोट वर ओढून घेतला. "ते काळं काय आहे, ज्याच्यामागे हे सगळे लागलेत?"

"चकती, आई."

"मग ती कुणीतरी त्या पोराकडे द्या. तो किती वेळचा एकटाच उभा आहे."

जाळ्यासमोर मोकळा उभा असलेला तो पोरगा स्टँडमधल्या सगळ्यांना दिसत होता. फक्त डोमकावळ्यांना दिसत नव्हता. पण त्या वाक्यानंतर चकती खरोखरच त्याच्याकडे गेली, आणि जाळे हलले. तिसऱ्या भागात आणखी दोनदा हलले. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत रादिमने बर्फाकडे पाहिलेच नाही. तो सासूबाईंकडे पाहत होता. त्यांना थंडी वाजत नाही ना, त्या उठत नाहीत ना, त्यांना कुठे दुखत नाही ना. डोमकावळे एका गोलाने जिंकले आणि तळावरून एक पायरी वर सरकले. खेळाडू ओळीने उभे राहिले, आणि त्या हंगामात प्रथमच लोकांनी त्यांच्याकडे तोंड केले.

"मार्चपर्यंत," लुबोर टोपी काढून द्राहोमिराबाईंना म्हणाले. "हंगाम मार्चपर्यंत आहे, बाई. तुमच्या घरच्या फुलझाडांना पाणी घालायला आम्ही माणूस पाठवतो. मी स्वतः जातो."

"तुम्ही इथेच बसा आणि ढोल वाजवा," त्या म्हणाल्या. "मी राहीन. पण माझी एक अट आहे."

अट काय ते सर्वांना कळले होते. त्याच संध्याकाळी दुसरा आलोइस बादलीतून नदीवर नेण्यात आला आणि लोकांनी त्याला, केल्या न केल्या कामाबद्दल आभार मानून, पाण्यात सोडून दिले. न्हाणीघराची खिडकी लागली. हीटर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दारात बेकरीवाल्याने जर्दाळूचे केक ठेवले, कुणी लोकरी मोजे ठेवले, कुणी गुडघ्यांचे मलम. जिन्यावर पुन्हा बर्फाळ बुटांचे ठसे उमटले, आणि माणसे टोप्या चुरगाळत विचारू लागली की बाई बऱ्या आहेत ना.

रादिम तोंड धुवायला पुन्हा स्वयंपाकघरातच जाऊ लागला. संध्याकाळी न्हाणीघराच्या दाराआडून वाफ येई, सुगंधी मिठाचा वास येई, एखादे जुने गाणे गुणगुणल्याचा आवाज येई. दाराबाहेर स्टूल टाकून तो बसून राही. आवाज थांबला की तो स्टूल दाराकडे सरकवी.

त्या दिवशीही आवाज थांबला. त्याने जरा वाट पाहिली, मग उठून हळूच दारावर टकटक केली.

"आई? पाणी बरोबर आहे ना? गार तर नाही झालं?"

आत पाणी हलले. मग द्राहोमिराबाईंचा स्वर आला, संथ आणि तृप्त.

"पुढचा सामना कधी आहे, जावईबापू?"

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारपर्यंत तरी राहीन म्हणते जिवंत. जा तुम्ही, जेवून घ्या."

रादिम जेवायला गेला नाही. तो स्टुलावर पुन्हा बसला आणि कान दाराला लावून ऐकत राहिला.